चांगलं काम, सापडल्यास

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. मी गेल्यावर वाचली तर गोष्ट वेगळी.

'साहेब येत आहेत'चं एडिटिंग आज संपवलं. निवृत्त पोलीस आयुक्तांवरचा चरित्रपट. साहेब हयात आहेत, याच शहरात राहतात, आणि त्यांच्या गल्लीत शिरताना रिक्षावाले अजून हॉर्न वाजवत नाहीत. त्यांच्या काळात चौकीच्या जिन्यावरून माणसं फार पडायची, असं म्हणतात. मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. भावना दिग्दर्शकाला असतात, एडिटरला कात्री असते.

पिक्चर पडणार, असं बायकोचं मत. तिने फक्त ट्रेलर पाहिलाय. मी पूर्ण पाहिलाय, म्हणून गप्प बसलो. पंचावन्न वर्षांचा हीरो विशीतले साहेब झालाय. आधी विग वळतो, मग तो वळतो. आणि साहेब चालतात. नुसते चालतात. जिना चढताना स्लो मोशन, उतरताना स्लो मोशन. पण टेबलावर मी त्यात जीव ओतला आहे. एडिटिंगचं बक्षीस पक्कं. भाषण तयार ठेवावं.

एक बारीक काम शेवटी केलं. एखादा सीन शूट व्हायचा राहिला असेल, तर आम्ही एडिटर त्या जागी तात्पुरती काळी पाटी टाकतो आणि तिच्यावर लिहितो, अमुक सीन येणे बाकी. मी त्यात थोडा विनोद करतो, तेवढंच काम हलकं होतं. इंटरव्हलनंतर साहेबांचं एखादं चांगलं काम दाखवायचं, हे दिग्दर्शकाने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. (दिग्दर्शकाला युनिटमध्ये सगळे 'व्हिजन' म्हणतात. चहा पाहिजे का विचारलं तरी तो व्हिजन सांगतो.) कुठलं चांगलं काम, ते ठरेना. तोवर शूटिंगचे दिवस चालण्यात संपले. तिथे माझी पाटी होती:

'इथे साहेबांचं एखादं चांगलं काम टाकणे. सापडल्यास.'

ती काढली, दोन्ही बाजू जोडल्या. सांधा असा की कुणाच्या बापाला कळणार नाही. फाइल निर्मात्याकडे रवाना. निर्माता म्हणजे साहेबांचा जावई.

उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फिरायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत. उद्या नक्की.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार.

कॉम्प्युटर आवरायला घेतला. चार फायली: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच', 'फायनल खरंच हाच'.

पाटी काढली ती 'फायनल खरंच हाच'मधून.

पाठवली ती 'फायनल खरंच'.

पुन्हा तपासलं. पुन्हा तपासलं. तेच.

दरदरून घाम. एसी बंद पडला असावा.

संध्याकाळ. एसी चालू होता. म्हणजे ॲसिडिटी. मला ॲसिडिटीत घाम येतो. उद्या सकाळी व्हिजनला फोन करून शांतपणे सांगायचं. माणसाच्या हातून चूक होते. चांगल्या माणसाच्या हातून जास्त होते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन केला. मी तोंड उघडायच्या आत व्हिजनने सुरू केलं. पिक्चर लॉक झाला. सगळ्या थिएटरांना कॉपी गेली. जावयाने बजावलंय की आता कुणी एका फ्रेमला जरी हात लावला, तर त्याची गाठ थेट साहेबांशी. मग त्याने विचारलं, तू कशासाठी फोन केला होतास? मी म्हटलं, अभिनंदन करायला.

ही वेळ योग्य नव्हती. योग्य वेळ ओळखणं हाच आमचा धंदा. प्रीमियर वीस तारखेला. वेळ भरपूर आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

कोपऱ्यावर पोलिसांची जीप उभी. सकाळपासून.

पडदे लावले. बायकोने विचारलं, भर दिवसा पडदे का? म्हटलं, ऊन. ती म्हणाली, ढग आलेत. म्हटलं, मागे ऊन असतंच.

दुपारी जीपखालून दोन मेकॅनिक बाहेर आले. जीप बंद पडली होती. मी हे आधीच ओळखलं होतं, पण पडदे लावलेच होते म्हणून राहू दिले.

शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग हसायची थांबली. हसत होती तेच बरं होतं.

तिने विचारलं, पण खरंच काही सापडलं नव्हतं का? आता काय सांगणार? पिक्चरच्या आधी व्हिजनने साहेबांना ओळखणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मी सगळ्या बघितल्यात. प्रत्येक जण म्हणतो, साहेब म्हणजे वाघ, आणि कॅमेऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो. एका निवृत्त कारकुनाला विचारलं होतं, साहेबांच्या प्रेमळपणाची एखादी आठवण सांगा. त्याने पाणी मागितलं. पाणी प्यायला. मग परत पाणी मागितलं. पुढे टेप संपते.

बायकोचा सल्ला: सरळ साहेबांकडे जा, पाय धरा, मोकळे व्हा. मी म्हटलं, पाय बिय मी धरत नाही, पण जाईन. ताठ मानेने जाईन आणि सांगेन. उद्याच.

१० नोव्हेंबर, सोमवार

गेलो. ताठ मानेने गेलो, हे आधी नोंदवतो.

फाटकाशी वॉचमन. त्याने विचारलं, काय काम आहे? माझ्या तोंडून निघालं, पत्ता चुकलो. त्याने विचारलं, कुणाचा पत्ता हवाय? म्हटलं, माझा.

माणूस भला निघाला. माझा पत्ता विचारून घेतला, खिशातल्या कागदावर लिहिला आणि कुठून कसं जायचं ते नीट समजावलं. डावीकडे दवाखाना, मग शाळा, मग उजवीकडे. त्याची नजर पाठीवर होती, म्हणून तस्साच गेलो. त्या रस्त्याने घर लांब पडतं.

आता त्यांच्याकडे माझा पत्ता आहे.

छातीत धडधड. जेवणानंतर लगेच चाललो, त्यामुळे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नवी योजना. आजारी पडायचं. आजारी माणसाला प्रीमियरला कुणी नेत नाही.

डॉक्टरांना म्हटलं, छातीत धडधडतं, झोप नाही, दाराची बेल वाजली की पोटात गोळा येतो. त्यांनी तपासलं. म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. तुम्ही कशाला घाबरलाय का? म्हटलं, छे. ते म्हणाले, मग घाबरलो नाही असं दाखवायला जे काही करताय ते बंद करा. हल्लीच्या डॉक्टरांना काही कळत नाही.

व्हिजनला कळवलं की बरं नाही. तो म्हणाला, ठीक आहे, जावयाला सांगतो. अर्ध्या तासाने फोन. जावई म्हणाला आहे की एडिटर आलाच पाहिजे, त्याची खुर्ची साहेबांच्या बरोब्बर मागे. साहेबांना काही विचारायचं झालं तर माणूस हाताशी असावा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाव सोडायचं ठरवलं. पळून जायचं नाही. मोठ्या कामानंतर माणसाला विश्रांती लागते. बॅग भरली. ताईला फोन केला की आठ दिवस येतो. तिला आनंद झाला. का येतोस, विचारलं. सगळं सांगितलं.

ती हळू आवाजात म्हणाली, ये, पण तुझ्या भावोजींसमोर त्या माणसाचं नावसुद्धा काढू नकोस.

भावोजी एका पायाने लंगडतात. लग्नाआधी जिन्यावरून पडले होते, असं ताईने सांगितलं होतं. मी इतकी वर्षं समजत होतो, घरच्या जिन्यावरून.

भावोजींचं घर पहिल्यापासून तळमजल्यावर आहे.

बॅग रिकामी केली.

१६ नोव्हेंबर, रविवार

काही लिहायला नाही. बेल वाजली. गॅसवाला होता. मी मोरीत होतो. मोरीत मी सहजच होतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेवटचा निश्चय. उद्या प्रीमियर सुरू होण्याआधी साहेबांसमोर उभं राहायचं आणि स्वच्छ सांगायचं: साहेब, एक पाटी राहिली आहे. चूक माझी. दोन वाक्यं. आरशासमोर म्हणून पाहिली. पहिलं वाक्य फारच छान जमलं. दुसऱ्यात 'माझी'च्या जागी सारखं 'व्हिजनची' येतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ.

जिवंत आहे.

काल संध्याकाळी थिएटरात गेलो. लाल कार्पेट, फुलं, दाराशी हीरोचं दोन मजली पोस्टर. साहेब आले आणि सगळे उभे राहिले. जे आधीच उभे होते ते आणखी उभे राहिले. मी निश्चयाप्रमाणे समोर गेलो. साहेबांनी बघितलं. मी म्हणालो, टॉयलेट डावीकडे आहे. ते बरं म्हणाले.

मग खुर्ची. त्यांच्या बरोब्बर मागे. जन्मभर ज्यांचं नाव ऐकलं त्यांची मान दीड हातावर. मान बारीक होती. कॉलर सैल, आत दुसरी मान मावेल एवढी. बामाचा वास येत होता. मला वाटलं होतं, मागून तरी हा माणूस मोठा दिसेल.

इंटरव्हलपर्यंत साहेब पडद्यावर चालले. इंटरव्हलला बरेच पाहुणे जे चालते झाले ते परत आलेच नाहीत. मीही उठलो होतो, पण जावयाने खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि पॉपकॉर्न दिलं. हातातला पुडा इतका वाजायला लागला की शेजारच्या बाईंनी तो काढून घेतला.

मग ती आली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, थिएटरभर मोठी.

'इथे साहेबांचं एखादं चांगलं काम टाकणे. सापडल्यास.'

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. पायात चपला होत्या.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि त्याचा खोकला केला. त्याबरोबर सगळं थिएटर खोकायला लागलं. वर बघितलं तेव्हा साहेब खिशातून चष्मा काढून पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर लावला तेव्हा पडद्यावर पुन्हा चालणं सुरू झालं होतं.

म्हणजे त्यांनी वाचलं नाही. बिनचष्म्याचं त्यांना दिसत नसणार. देव आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षणं आली. सगळ्यांनी पिक्चर झोपवला. एकाने लिहिलंय, साहेबांनी गुन्हेगारांना जेवढं रडवलं नसेल तेवढं या चित्रपटाने प्रेक्षकांना रडवलं. दुसऱ्याने विगला सहायक भूमिकेचं बक्षीस द्या म्हटलंय.

पण पाटी! प्रत्येकाने पाटीबद्दल लिहिलंय. 'अडीच तासांतला एकमेव प्रामाणिक क्षण.' 'खुशामतीच्या ढिगाऱ्यात लपवलेलं धाडस.' दोनदा वाचलं. मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ती तर चुकून राहिली होती ना? मी म्हटलं, वरवर बघणाऱ्याला तसं वाटेल.

आता विचार करतो तर लक्षात येतं की चार फायलींतून नेमकी तीच पाठवली जाणं हा योगायोग असूच शकत नाही. हात माझा होता. हाताला माहीत होतं.

दुपारी टीव्ही लावला तर व्हिजन बसलेला. म्हणतोय, ती पाटी म्हणजे माझं व्हिजन.

हे मात्र अति झालं. चॅनेलला फोन लावला. तासाभरात ते लोक घरी. मी खुर्चीत बसलो, मागे पुस्तकं रचली आणि स्पष्ट सांगितलं: पाटी माझी. मी जाणूनबुजून ठेवली. कलावंताने सत्तेपुढे मान तुकवायची नसते. मुलाखत घेणारीने विचारलं, भीती नाही वाटली? मी हसलो. हसणं फार चांगलं आलंय, दोनदा दाखवलं त्यांनी.

ताईचा फोन आला. भावोजींनी पाहिलं. उठून टीव्हीजवळ जाऊन बसले. ताईचा आवाज रडवेला होता. तिला अभिमान वाटला. मलाही भरून आलं.

उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बेल. दारात हवालदार. म्हणाला, साहेबांनी पाच वाजता चहाला बोलावलंय. पत्ता विचारावा लागला नाही, असंही म्हणाला.

तीन वाजलेत. गॅसचं कनेक्शन बायकोच्या नावावर आहे. विम्याची पिवळी फाइल कपाटात खाली. शेवटी एवढंच लिहितो की मी माझ्या पायांनी जातो आहे. पाय थोडे लटपटताहेत. सकाळपासून पोटात काही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोठं घर, बंद खोल्या. एका खोलीत साहेब. सोफ्यावर जुनी चादर घातलेली. काचेच्या कपाटात पदकं, खालच्या कप्प्यात औषधांच्या बाटल्या. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. गुडघ्यांवर शाल.

बसा म्हणाले. बसलो. चहा आला. माझा कप बशीवर असा वाजायला लागला की मी तो खाली ठेवला. त्यांचाही वाजत होता. पण त्यांचं वय झालंय.

त्यांनी विचारलं, ती पाटी तुम्ही लिहिलीत?

मी म्हणालो, नाही साहेब, दिग्दर्शकाने.

ते म्हणाले, दिग्दर्शक सकाळी याच खुर्चीत बसून गेले. ते म्हणतात, तुम्ही. टीव्हीवर तुम्हीही म्हणालात, तुम्ही.

आता भावोजींसारखा मीही लंगडणार, हे मला स्पष्ट दिसलं. घराला जिना आहे का ते बघून घेतलं. होता.

पण त्यांनी आवाज चढवला नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, मला एवढंच विचारायचं होतं. 'सापडल्यास' लिहिलंत, म्हणजे शोधलं असणार. शोधलंत का?

मी म्हणालो, खूप शोधलं साहेब. खूप सापडलं. पण पिक्चर लांबत होता.

ते पुढे सरकले. शाल घसरली. म्हणाले, मग एक सांगा.

मी सगळ्या मुलाखती डोक्यात फिरवल्या. वाघ. वाघ. वाघ. कारकुनाचं पाणी. भावोजी. परत वाघ. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायच्या दिवशी पोरं मास्तरांकडे बघतात तसे. ते दरडावत नव्हते. ते खरंच वाट बघत होते, आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

शेवटी मी म्हणालो, साहेब, तुम्ही नेहमी वेळेवर यायचात.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग मान हलवली. हो, म्हणाले, ते खरं आहे. वेळेवर यायचो. मग म्हणाले, तेवढं घाला.

फाटकापर्यंत वॉचमन सोडायला आला. त्याने पुन्हा रस्ता समजावला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नवी पाटी केली. काळा पडदा, पांढरी अक्षरं: 'साहेब नेहमी वेळेवर येत.' चार चारदा तपासून 'फायनल आता तरी' पाठवली. थिएटरवाला म्हणाला, कुठे लावू? पिक्चर काल उतरला.

मग पेन ड्राइव्हवर घालून साहेबांच्या घरी पोचवली. आज हवालदाराचा फोन आला. साहेबांनी बघितलं. पिक्चर नाही, पाटीच बघितली. तिथे थांबवून ठेवायला सांगितलं. दुपारपासून टीव्हीवर तेवढंच चालू आहे.

भावोजींना फोन करायचा होता. काय सांगणार, ते सुचलं नाही. नंतर करेन.

चॅनेलचे लोक परत विचारत होते की साहेबांकडे काय झालं? म्हटलं, समोरासमोर दोन शब्द सुनावून आलो. बायको ऐकत होती. हल्ली ती बोलत नाही आणि माझ्याकडे बघते.

म्हणून आत्ता जेवताना गमतीत विचारलं. अगं, समज उद्या माझ्यावर पिक्चर काढला, तर त्या पाटीच्या जागी तू काय घालशील? माझं एखादं चांगलं काम सांग बघू. मला वाटलं होतं, कुठलं सांगू आणि कुठलं नको असं होईल तिला.

तिने घास खाली ठेवला. विचार केला. म्हणाली, थांबा हं, आठवून सांगते. आणि ताटं उचलून आत गेली.

बराच वेळ झाला. आत नळ चालू होता, तोही बंद झाला. भांडी लावून झाली. ती अजून बाहेर आलेली नाही.

ॲसिडिटी नाही. मला भीती वाटते आहे.